दोनशे किलोमीटरची विश्रांती

मिनिटसाहेबांना कोणी कधी नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. बसले तरी ते उठण्याच्या बेतात बसत. खुर्चीच्या अगदी कडेवर, जणू मागची उरलेली खुर्ची दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली आहे. जेवताना हात ताटात आणि डोळे घड्याळात. सिनेमा बघायला गेले तर शेवटच्या दहा मिनिटांत ते गर्दी टाळण्यासाठी बाहेर पडत, त्यामुळे आयुष्यात पाहिलेल्या एकाही सिनेमात खुनी कोण होता हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागाचे ते प्रमुख. कोणती बस कोणत्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी येणार, हे गेली एकोणीस वर्षं ते ठरवत होते. बस तशी येत नसे, हा भाग वेगळा. तो रस्त्याचा दोष, चालकाचा दोष, फार तर प्रवाशांचा दोष. कागदावर त्यांची एकही बस आजवर उशिरा आलेली नव्हती. ‘मिनिटसाहेब’ हे नाव कचेरीतल्या कोणा टवाळाने ठेवलं आणि ते कचेरीतून इमारतीत, इमारतीतून वाण्याच्या दुकानापर्यंत पोचलं. हे सगळं त्यांना माहीत होतं. पण एखाद्या विषयातल्या अधिकाराची लोक अशीच कदर करतात, असं ते धरून चालत.

प्रकरण सुरू झालं ते कचेरीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत. डॉक्टरबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मिनिटसाहेबांनी तो चष्मा टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवला.

“हे असं किती दिवस चाललंय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“काय?”

“आल्यापासून तुम्ही माझं टेबल आवरताय.”

मिनिटसाहेबांनी हात मांडीवर घेतले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे बघा, गोळ्या मी देईन. पण खरं औषध वेगळं आहे. सुट्टी घ्या. गाडी आहे ना? घरच्यांना घेऊन कुठंतरी लांब जा. मोकळा रस्ता, मोकळी हवा. डोकं शांत होईल.”

“लांब म्हणजे किती?”

“लांब म्हणजे लांब हो!”

“किलोमीटरमध्ये सांगितलंत तर बरं पडेल.”

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीचा कागद ओढून त्यावर आकडा लिहिला. “दोनशे,” त्या म्हणाल्या.

“जाऊनयेऊन, की एका बाजूने?”

“एका बाजूने,” असं म्हणून त्यांनी घंटी वाजवून पुढच्याला आत बोलावलं.

घरी ही बातमी त्यांनी जेवताना सांगितली. बायकोने वाढता वाढता हात थांबवला. ती म्हणाली, “बावीस वर्षांत आपण कुठं फिरायला गेलोय ते आठवतंय?”

“तुझ्या मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो की.”

“त्या लग्नात तुम्ही जेवणाच्या रांगेचं वेळापत्रक लावलंत. नवऱ्यामुलाला भूक लागली तर तुम्ही सांगितलंत, तुमची वेळ पावणेदोनची आहे. मावशी अजून नीट बोलत नाही माझ्याशी.”

मुलगी हसली. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि पुढच्या महिन्यात ती जाणार होती. हसून झाल्यावर ती म्हणाली, “जाऊया ना बाबा, खरंच. पुन्हा तिघं कधी एका गाडीत बसू काय सांगावं?”

मिनिटसाहेबांनी ताट अर्धवट बाजूला सारलं. त्यांनी लगेच उठून नकाशा काढला. समुद्र बरोबर दोनशे तीन किलोमीटरवर होता. डोस थोडा जास्त होत होता, पण तेवढं चालायचं.

आता रजा. लोकांना वाटतं, रजा म्हणजे अर्ज लिहिला की झालं. ज्यांनी आयुष्यात कधी रजा घेतलेली नाही त्यांनाच असं वाटतं, आणि मिनिटसाहेब त्यातलेच होते. अर्जात रजेच्या कारणासाठी चार चौकोन होते: आजारपण, विवाह, मृत्यू आणि देखभाल-दुरुस्ती. शेवटचा चौकोन बसगाड्यांच्या अर्जातून चुकून इकडे छापला गेला होता आणि नऊ वर्षांत तो कोणी काढला नव्हता.

“विश्रांती कुठं लिहू?” त्यांनी आस्थापना विभागातल्या बाईंना विचारलं.

“विश्रांती हे कारण नाही,” बाई म्हणाल्या. “आजारी आहात का?”

“तसा नाही.”

“लग्न?”

“झालंय.”

“मग मृत्यूचं बघा कुणाचा जमत असेल तर.”

डॉक्टरबाईंची चिठ्ठी दाखवली, तर तीवर ‘दोनशे कि.मी.’ एवढंच लिहिलेलं. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हे औषध आमच्या यादीत नाही असं सांगितलं. तीन दिवस तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. सुट्टीत त्यांचं काम कोण पाहणार, याची सही हवी होती. ज्याने सही करायची तो मदतनीस म्हणाला, “करतो, पण काम काय असतं ते लिहून द्या.” मिनिटसाहेबांनी एक्केचाळीस पानं लिहून दिली. ती वाचून मदतनीस आजारी पडला आणि त्याला मात्र तासाभरात रजा मिळाली. त्याचा चौकोन होता ना.

शेवटी मोठ्या साहेबांनी मध्यस्थी केली. त्यांनी अर्जावर लाल शाईने शेरा मारला: ‘सदर कर्मचारी चार दिवस देखभाल-दुरुस्तीसाठी सेवेतून बाहेर.’ त्याची प्रत सूचनाफलकावर लागली. मिनिटसाहेबांचं नाव एका क्लच गेलेल्या बसच्या आणि एका काच फुटलेल्या बसच्या मधोमध आलं होतं. जाता-येता लोक थांबून वाचत होते. एका वाहकाने तर आपुलकीने विचारलंसुद्धा, “साहेब, इंजिन उतरवणार का?”

इकडे इमारतीत बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी सांगितलं, गाडीत मागे बसायचं नाही, उलट्या होतात. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, पुढे बसायचं नाही, अपघातात पुढचे जातात. राहिला टप, पण तिथे कोणी बसा म्हणालं नाही. सगळ्यांत मोठा सल्लागार म्हणजे वरच्या मजल्यावरचे बेलीफकाका. कोर्टाची समन्सं पोचवण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती, त्यामुळे त्यांना प्रत्येक रस्ता कुठल्या ना कुठल्या भांडणावरून आठवे. “त्या पुलावरून जाऊ नका. तिथं मी एका माणसाला समन्स दिलं तर तो नदीत उडी मारून पळाला.” “पण काका, मी कुणाला समन्स द्यायला जात नाहीये.” “तरी पण. जागा चांगली नाही.”

आणि जाता जाता ते म्हणाले, “माझी बहीण तुमच्या वाटेवरच राहते. एक छोटीशी वस्तू न्याल का तिच्यासाठी?”

मिनिटसाहेब हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे एखादी पिशवी होती.

सहलीचं वेळापत्रक तयार होतं. मुलीने ते मोठ्याने वाचलं. “सहा वाजता प्रस्थान. सहा सात, इमारतीकडे वळून पाहणे. दहा दहा, निसर्ग. दहा बावीस, निसर्ग समाप्त. बारा दहा ते बारा पंचवीस, मोकळेपणाने गप्पा.” तिने कागद खाली केला. “बाबा, गप्पांचे विषय पण लिहायचे होते.”

“मागच्या पानावर आहेत,” मिनिटसाहेब म्हणाले.

निघायच्या दिवशी पावणेसहा वाजता बेलीफकाका आणि त्यांचा जावई ती छोटीशी वस्तू जिन्यावरून खाली आणत होते. तो आरसा होता. माणसाएवढा, लाकडी चौकटीचा, कपाटाच्या दारासारखा भला थोरला आरसा. मिनिटसाहेब तोंड उघडून बघत राहिले, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडून बघणारे मिनिटसाहेब जिना उतरत खाली आले.

आरसा आडवा जाईना, तिरका जाईना. शेवटी डिकीत उभा केला, डिकीचं झाकण उघडंच ठेवून दोरीने बांधलं आणि आरशाचं तोंड मागच्या बाजूला राहिलं. काच आतल्या सामानावर घासायला नको, असं बेलीफकाकांचं म्हणणं. या साऱ्यात सहा एकतीस झाले. सहा सातला इमारतीकडे वळून पाहायचं होतं ते अडतीसला पाहिलं. इमारतीत त्याचा कुणाला त्रास झाला नाही. त्रास एकट्या मिनिटसाहेबांना झाला. हुकलेली एकतीस मिनिटं त्यांच्या मानेवर येऊन बसली.

शहर मागे पडलं. रस्ता मोकळा लागला, पाठीमागून कोवळं ऊन आलं. बायकोने खिडकीची काच खाली केली आणि डोळे मिटले. मुलगी काहीतरी गुणगुणत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसं अगदी होऊ घातलं होतं, तेवढ्यात मागून एका ट्रकने जोरात हॉर्न दिला.

मिनिटसाहेबांनी बाजू दिली. ट्रक पुढे गेला नाही. पुन्हा हॉर्न. मग दिवे लावले, विझवले. “घाई आहे तर जा ना बाबा पुढे!” मिनिटसाहेबांनी हाताने खुणा केल्या. ट्रक मागे रेंगाळला, पुन्हा जवळ आला आणि या वेळी असा लांबलचक हॉर्न दिला की बायकोचे डोळे उघडले.

“तुम्ही काही केलंत का त्याला?” तिने विचारलं.

“मी? मी काय करणार?”

“बघा, कुठल्यातरी बसथांब्यावर ताटकळलेला असेल पूर्वी.”

मिनिटसाहेबांनी वेग वाढवला. ट्रकनेही वाढवला. त्यांनी कमी केला, ट्रकनेही केला. पुढे डावीकडे एक फाटा दिसला. विचार न करता त्यांनी गाडी आत घातली, आणि बाजूच्या छोट्या आरशात पाहिलं तर ट्रक त्याच फाट्यावरून मागे येत होता. आता मात्र मुलगीही गुणगुणायची थांबली. पंधरावीस किलोमीटर ही वरात अशीच चालली. पुढे रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला आणि सारं थांबलं.

ट्रकचालक उतरून आला. माणूस दाराएवढा, पण आवाज अगदी बारीक. तो खिडकीशी वाकला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, तेवढा आरसा झाका हो. अर्धा तास झाला, मी स्वतःलाच हॉर्न देतोय.”

त्याने डिकीकडे बोट दाखवलं.

“समोरून ट्रक येतोय असं वाटतं. मी दिवे देतो, तोही देतो. मी हळू होतो, तोही होतो. त्यात ऊन असं डोळ्यात मारतंय की पुढं काढायला रस्ता दिसेना. म्हटलं, साहेबांना थांबवून सांगावं, तर तुम्ही पळताय. तुमच्या पाठी मीसुद्धा रस्ता चुकलो.”

मुलगी सीटवर आडवी पडून हसत होती. बायकोने पदर तोंडाला लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. ट्रकचालकाने स्वतःची ताडपत्री आरशावर बांधून दिली, योग्य रस्ता सांगितला आणि म्हशींना टाळत ट्रक मागे घेतला. मिनिटसाहेबांनी त्याला ‘आपण अंतर ठेवायला हवं होतं’ असं काहीसं सुनावलं, पण ते तो ट्रकमध्ये बसल्यावर, आपल्या गाडीची काच वर करून.

आता ते एक तास बारा मिनिटं मागे होते. शहाण्या माणसाने ती मिनिटं सोडून दिली असती. मिनिटसाहेबांनी ती खराब रस्त्यावर भरून काढायला घेतली. “अहो, हळू,” बायको म्हणाली. “अहो, खड्डा,” बायको म्हणाली. तिसऱ्यांदा ती काही म्हणायच्या आत गाडीखाली लोखंडी पिंप आपटावं तसा आवाज झाला, इंजिनाने एक उसासा टाकला आणि मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ उमटत गेली.

एका ट्रॅक्टरने त्यांना ओढत जवळच्या गावात आणलं. गावाच्या तोंडाशीच गॅरेज होतं. गॅरेजवाला शांत माणूस. तो गाडीखाली गेला, बराच वेळ तिथेच राहिला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “तेलाचा चेंबर फुटलाय.”

“किती वेळ लागेल?”

“होईल.”

“हो, पण किती वाजता?”

“चेंबर यायला पाहिजे, मग बसवायला पाहिजे. होईल.”

“साधारण दिवस तरी सांगा.”

गॅरेजवाल्याने आकाशाकडे पाहिलं, जणू चेंबर तिकडूनच यायचा आहे. “होईल साहेब,” तो समजुतीने म्हणाला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मिनिटसाहेबांना एवढं अचूक आणि एवढं निरुपयोगी उत्तर मिळालं नव्हतं.

गॅरेजच्या वर गॅरेजवाल्याच्या आईची एक रिकामी खोली होती. ती त्यांना मिळाली. दोन खाटा, एक खिडकी, भिंतीवर काहीही नाही. मुलीची आणि त्या म्हातारीची तासाभरात गट्टी जमली. बायको खिडकीशी बसली ती बसलीच. आणि मिनिटसाहेब त्या खोलीत फेऱ्या मारू लागले. सात पावलं जायला, सात यायला. विसाव्या फेरीला खालून गॅरेजवाल्याने ओरडून विचारलं, “साहेब, काही हरवलंय का?”

ते खाली गेले. बसायला सांगितलं तर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी गॅरेजवाल्याचे सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले, नट वेगळे केले, स्क्रू वेगळे केले. संध्याकाळपर्यंत गॅरेजवाल्याला एकही हत्यार सापडेना. त्याला आपला पसारा पाठ होता. रात्रीच्या जेवणाआधी त्याची आई वर येऊन मिनिटसाहेबांच्या बायकोला हळूच म्हणाली, “बाई, तुमचे साहेब फार चांगले आहेत. पण उद्या त्यांना जरा लांब पाठवता का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लांब, म्हणजे समोरच्या बसथांब्यावर पाठवण्यात आलं. तिथे एक पाटी होती. पाटीवर वेळा होत्या. मिनिटसाहेबांच्या अंगात त्या सहलीत पहिल्यांदाच चैतन्य आलं. नऊ चाळीसची बस त्यांनी घड्याळ हातात धरून पाहिली. ती दहा चोवीसला आली. दहा पंधराची अकराला आली. अकराची आलीच नाही.

थांब्यावर एक बाई टोपली घेऊन बसली होती. “ही पाटी साफ चुकीची आहे,” त्यांनी तिला सांगितलं.

“आहे की.”

“मग बस कधी येते तुम्हाला कसं कळतं?”

“आली की कळतं.”

“पण तोवर?”

“तोवर बसायचं,” बाई म्हणाली आणि बाजूला सरकून तिने त्यांना जागा करून दिली.

ते बसले नाहीत. त्यांनी वहीत नवी वेळ मांडली, गॅरेजमधून रंगाची डबी आणि ब्रश आणला, चार जुने टायर एकावर एक रचले आणि पाटी दुरुस्त करायला वर चढले. ‘नऊ चाळीस’वर त्यांनी काट मारली. ‘दहा चोवीस’मधला ‘दहा’ छान जमला. चोवीस लिहायला ते जरा पुढे झुकले, तेव्हा वरचा टायर एका दिशेला गेला, खालचा दुसऱ्या, आणि मिनिटसाहेब मधल्या मार्गाने जमिनीवर आले.

गावातल्या डॉक्टरने उजवा खांदा चाचपला, गळ्यात झोळी बांधून हात तीत ठेवला आणि सांगितलं, “हाड शाबूत आहे. पण दहा दिवस हा हात हलवायचा नाही. गाडीबिडी तर बिलकुल नाही.”

तिसऱ्या दिवशी दुपारी चेंबर बसला. गॅरेजवाल्याने इंजिन सुरू करून दाखवलं. सगळे खाली अंगणात उभे होते, आणि मिनिटसाहेबांच्या मनात एकच प्रश्न होता. त्यांना एका हाताने गाडी चालवता येत नव्हती. मुलगी परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. आता इथे चालक कुठून आणायचा? मदतनिसाला तार करावी का? तो तर आजारी. ते मोठ्याने विचार करत राहिले.

“अहो,” बायको म्हणाली. “मी चालवते.”

मिनिटसाहेब हसले. “ही थट्टेची वेळ आहे का?”

तिने पर्समधून परवाना काढून त्यांच्या चांगल्या हातात दिला. त्यावर तिचा फोटो होता, तिचं नाव होतं आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. मिनिटसाहेबांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला.

“हे कधी?”

“दुपारच्या वर्गाला जायचे. तुम्ही कचेरीत असायचात.”

“आणि चालवतेस कधी?”

“मंगळवारी. तुम्ही वेळा तपासायला बसने जाता, गाडी घरीच असते. एकदा तर तुमच्याच बसच्या मागे होते. पुढे काढून हात केला, पण तुम्ही घड्याळात बघत होतात.”

ते मुलीकडे वळले. “तुला माहीत होतं?”

मुलगी आपल्या चपलांकडे बघत होती. “बाबा, सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. गाडी बाहेर काढताना बेलीफकाकाच तर मागून ‘येऊ दे, येऊ दे’ करतात.”

मिनिटसाहेबांना ते फार लागलं. तीन वर्षं! ते अंगणाच्या टोकाला गेले आणि टायरांच्या ढिगाकडे तोंड करून उभे राहिले. गॅरेजवाल्याने समजूतदारपणे इंजिन बंद केलं आणि आईला घेऊन आत गेला. थोड्या वेळाने बायको त्यांच्याजवळ आली.

“कुठं जायचीस?” त्यांनी न वळता विचारलं.

“फार लांब नाही. शहराबाहेर ते जुनं तळं आहे ना, पाणीपुरवठ्याचं, तिथं. गाडी लावायची, बसायचं, परत यायचं.”

“तिथं काय आहे?”

“काहीच नाही. म्हणून तर.”

“मला सांगितलं का नाहीस?”

तिने एका टायरवरची धूळ पदराने झटकली. मग म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही त्याचं वेळापत्रक केलं असतं.”

यावर बोलण्यासारखं मिनिटसाहेबांपाशी पुष्कळ होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण जे जे ओठांवर आलं त्यात कुठंतरी एखादी वेळ होतीच, असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. एवढी वर्षं हिला दर आठवड्याला घरातून निघून जावंसं वाटत होतं, आणि जिच्यापासून निघून जायचं ती गोष्ट म्हणजे आपण होतो की काय, हा विचार त्यांना टायरांपाशी उभं असताना पहिल्यांदा आला. तो खांद्यापेक्षा जास्त दुखला.

बायकोने गाडी काढली. मिनिटसाहेब मागे बसले, कारण पुढे बसून ते ब्रेक मारतील अशी भीती दोघी मायलेकींनी बोलून दाखवली. तिने खड्डे चुकवले, म्हशी चुकवल्या, एका वळणावर तर एका हाताने केस सारखे केले. ती चांगली चालवत होती. त्यांच्यापेक्षा चांगली चालवत होती. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं तेव्हा दहाएक किलोमीटर गेले होते, आणि तेवढे किलोमीटर ते गाडीच्या तळाशी पाय रोवून नसलेला ब्रेक दाबत होते.

संध्याकाळी बेलीफकाकांच्या बहिणीचं घर आलं. बहीण दारात आली, ताडपत्री निघाली, तिने आरशात एकदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“हा परत पाठवला त्याने? अहो, यात मी जाड दिसते म्हणून तर मी त्याला दिला होता!”

“पण तुमच्यासाठीच दिलाय त्यांनी,” मिनिटसाहेब म्हणाले.

“मग यात तोही जाड दिसत असेल. घरात नको मला तो. राहा आज इथं, जेवा, झोपा. पण जाताना हा घेऊन जा.”

चौथ्या दिवशी सकाळी ती तिघं आणि तो आरसा पुन्हा रस्त्याला लागले. काही अंतरावर तिठा होता. उजवीकडे समुद्र, डावीकडे घर. बायकोने गाडी कडेला घेतली आणि समोरच्या छोट्या आरशातून मागे त्यांच्याकडे पाहिलं.

“कुठं वळू?”

मिनिटसाहेबांनी सवयीने हिशोब सुरू केला. संध्याकाळी घरी पोचायला हवं. उद्या कामावर हजर. म्हणजे समुद्रावर जायला एवढे तास, यायला एवढे, मध्ये जेवण. “समुद्रासाठी अकरा मिनिटं मिळतात,” ते म्हणाले.

“पुरतील समुद्राला?” मुलीने विचारलं.

ती खिडकीतून उजवीकडच्या रस्त्याकडे बघत होती. महिन्याभराने ती अशाच कुठल्यातरी खिडकीत बसून निघून जाणार होती, आणि आपण तिला अकरा मिनिटांचा समुद्र दाखवायला निघालो होतो. मिनिटसाहेबांनी वही बंद केली.

“तू मंगळवारी जातेस ते तळं,” ते बायकोला म्हणाले, “ते आम्हाला दाखवशील?”

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. ती नाही म्हणेल असं त्यांना क्षणभर वाटलं. मग तिने डावीकडचा दिवा लावला.

तळं खरोखरच काही नव्हतं. एक मातीचा बांध, थोडं हिरवट पाणी, पलीकडे विजेचे खांब, अलीकडे गाडी लावण्यापुरती सपाट जागा. बायकोने गाडी नेमक्या एका झुडपाच्या सावलीत लावली, इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि पाय सीटवर घेऊन बसली. असं बसताना त्यांनी तिला घरी कधी पाहिलं नव्हतं.

“आता काय करायचं?” मिनिटसाहेबांनी विचारलं.

“काही नाही.”

ते काही करेनासे झाले. पाणी पाहिलं. खांब पाहिले, मोजले. एक पक्षी पाण्यावर उतरला, त्याला ते बराच वेळ बघत राहिले, तो उडून गेला. मान आखडली, पाठ आखडली. खूप वेळ झाला. दुपार टळली असेल. शेवटी न राहवून ते म्हणाले, “निघूया का?”

मुलीने घड्याळ पाहिलं. “बाबा, चार मिनिटं झालीत.”

बायको हसली. आधी नुसते ओठ हलले, मग तिला आवरेना. मुलगीही हसू लागली आणि थोड्या वेळाने मिनिटसाहेबांनाही खांदा धरून हसावं लागलं, कारण हसलं की तो दुखत होता. हसण्याचा भर ओसरल्यावर मुलगी बोलू लागली. नव्या शहराची तिला भीती वाटते म्हणाली. हे तिने घरी कोणाला सांगितलं नव्हतं. खोली कशी असेल, लोक कसे असतील, आजारी पडलं तर काय. आई ऐकत होती. मिनिटसाहेबही ऐकत होते; मधे दोनदा त्यांना उपाय सुचले, दोन्ही वेळा त्यांनी ते गिळले. तिला उपाय नको होते बहुतेक. तिला कोणीतरी घाई न करता ऐकायला हवं होतं. ते काम अवघड होतं, पण बसून करण्यासारखं होतं.

तीन कधी वाजले ते कळलं नाही. हे वाक्य मिनिटसाहेबांबद्दल लिहिताना हात थोडा थांबतो, पण ते खरं आहे.

निघताना मुलगी मागे आली आणि मिनिटसाहेब पुढे, बायकोच्या शेजारी बसले. तिने चपला घातल्या आणि चावी लावली. त्यांनी घसा साफ केला. एखाद्या मोठ्या साहेबापुढे अर्ज घेऊन उभं राहावं तसा त्यांचा आवाज झाला.

“पुढच्या मंगळवारी... मी आलो तर चालेल का?”

तिने गाडी मागे घेतली, वळवली, बांधावरून रस्त्याला आणली. एका सायकलवाल्याला जाऊ दिलं.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

आणि तिने खरोखरच पाच दिवस विचार केला.